‘मारहाण केली’ इंग्रजीत लिहिताना: हिट, बीट, पुश, टच यांतलं नेमकं कोणतं?

प्रश्न एका तरुण वकिलांचा आहे. नाशिकच्या सत्र न्यायालयातल्या एका प्रकरणाची कागदपत्रं ते उच्च न्यायालयासाठी इंग्रजीत करत आहेत. बांधावरून झालेल्या भांडणाची फिर्याद आहे आणि त्यातल्या या वाक्यावर ते अडले आहेत: ‘आरोपीने मला शिवीगाळ करून हाताचापटीने व लाथाबुक्क्यांनी मारहाण केली, लोटून दिले, दगड मारला व माझी पत्नी सोडवायला आली असता तिच्या अंगावर हात टाकला.’ शब्दकोशात ‘मारणे’ काढलं की हिट, स्ट्राइक, बीट, थ्रॅश, असॉल्ट असे शब्द एका ओळीत मिळतात. सगळे समानार्थीच असतील तर कोणताही घेतला तर चालेल का, असं ते विचारतात.

नाही चालणार. नाशिकच्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, न्यायालयाच्या आवारात बसून मी गेली चोवीस वर्षं जबाब, पंचनामे आणि वैद्यकीय दाखले इंग्रजीत करते आहे. मारण्या-ढकलण्याच्या आणि हात लावण्याच्या क्रियापदांइतका घोळ मी दुसऱ्या कुठल्याच शब्दांत पाहिलेला नाही. आणि माणसाची शिक्षा किंवा सुटका ज्या वाक्यांवर ठरते, त्यांत नेमके हेच शब्द असतात.

आधी दोन भाषांची ठेवण बघा. मराठीत क्रियापद एकच असतं आणि सगळी माहिती त्याच्या आधीच्या नामात असते. चापट मारली, बुक्की मारली, लाथ मारली, टपली मारली, टिचकी मारली. तेच ‘मारणे’ आपण हाकेला, उडीला, मिठीला आणि गप्पांनाही लावतो. इंग्रजीत ती माहिती क्रियापदाच्या पोटातच असते. स्लॅप म्हटलं की उघडा तळहात आला, पंच म्हटलं की आवळलेली मूठ आली, किक म्हटलं की पाय आला. त्यामुळे ‘हाताचापटीने मारहाण’ याचं ‘बीट विथ हँड स्लॅप’ असं शब्दाला शब्द लावून काही करू नका. ‘स्लॅप्ड’ एवढं पुरतं. ‘लाथाबुक्क्यांनी’ म्हणजे ‘किक्ड अँड पंच्ड’.

हिट हा त्यातला सर्वांत मोकळा शब्द. काहीतरी कशावर तरी जोरात आदळलं, एवढंच तो सांगतो. कशाने, किती वेळा, मुद्दाम की चुकून, काही मोडलं का, यातलं काहीच सांगत नाही. चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञाने 1970 मध्ये हिट आणि ब्रेक या दोन क्रियापदांच्या व्याकरणावर लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे: ‘काचेवर हिट केलं’ म्हटल्याने काच फुटली असं ठरत नाही. स्ट्राइक जवळपास तेच सांगतो, पण कागदोपत्री भाषेत जास्त शोभतो आणि हत्याराबरोबर चांगला बसतो.

बीट वेगळा. त्यात एकामागून एक पडणारे फटके आहेत. भांडी बाजारात पूर्वी तांब्याच्या हंड्यावर ठोके पडत, एका लयीत, एकाशेजारी एक, आणि त्या ठोक्यांचे गोल डाग हंड्यावर ओळीने दिसत. ते बीट. आपल्या नाशिक ढोलावर टिपरू पडतं, तेही बीट. छातीतले ठोके, अंडं फेटणं, सगळीकडे हाच शब्द, कारण सगळीकडे क्रिया पुन्हा पुन्हा होते. म्हणून फिर्यादी म्हणत असेल, ‘त्याने मला एक चापट मारली’, आणि तुम्ही लिहिलंत ‘ही बीट मी’, तर एका चापटीची तुम्ही मारहाण केलीत. उलट ‘मारहाण केली’चं नुसतं ‘हिट’ केलंत तर दहा फटक्यांचा एक झाला. थ्रॅश म्हणजे आपलं बदडणं, चोपणं. फिर्यादीने स्वतः ‘बेदम’ म्हटलेलं असेल तरच तो घ्या. फ्लॉग आणि व्हिप यांना चाबूक किंवा पट्टा लागतो, केन करायला छडी.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मला ही गोष्ट फार आवडते. ‘मारणे’ हे संस्कृतातल्या मृ धातूपासून आलं. मारयति म्हणजे मरायला लावतो. म्हणजे आपलं क्रियापद जीव घेण्यापासून सुरू झालं आणि उतरत उतरत टपलीपर्यंत आलं. इंग्रजीचा प्रवास नेमका उलटा झाला. जुन्या इंग्रजीत फटका मारण्याचं क्रियापद होतं त्याचंच आजचं रूप स्ले, आणि स्ले म्हणजे आता ठार मारणं. त्याची रिकामी झालेली जागा हिटने घेतली. हिट आला उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या बोलीतून, आणि तिथे त्याचा अर्थ होता गाठ पडणं, सापडणं. एखादी कल्पना अचानक सुचली की इंग्रजीत ‘हिट अपॉन’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. मराठीत ‘मारलं’ म्हणजे ठार केलं की नुसतं हाणलं, हे अजूनही मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं. ‘मारून टाकलं’ म्हटलं की शंका उरत नाही.

आता तुमच्या वाक्यातला दगड. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. ‘दगड मारला’ याचं ‘हिट मी विथ अ स्टोन’ करू नका. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘त्याने दगड मारला, पण मला लागला नाही.’ इंग्रजीत ‘हिट केलं पण लागलं नाही’ हे वाक्यच उभं राहत नाही, कारण हिटमध्ये लागणं आलेलंच आहे. आपण मारणाऱ्याची क्रिया ‘मारणे’ने सांगतो आणि ती पोचली की नाही हे ‘लागणे’ने वेगळं सांगतो. म्हणून ‘दगड मारला’ म्हणजे ‘थ्रू अ स्टोन अ‍ॅट मी’. पुढे ‘तो माझ्या पायाला लागला’ असेल तर ‘अँड इट हिट मी ऑन द लेग’. ते ‘अ‍ॅट’ फार महत्त्वाचं आहे. इंग्रजीत क्रियापदाला ‘अ‍ॅट’ जोडलं की रोख कळतो, परिणाम कळत नाही. ‘गोळी मारली’चं ‘शॉट हिम’ केलं तर गोळी लागली, ‘शॉट अ‍ॅट हिम’ केलं तर झाडली एवढंच. या एका शब्दयोगी अव्ययावर आरोपीच्या वकिलाचा अर्धा युक्तिवाद उभा राहू शकतो.

हत्याराचंही तसंच. आपल्याकडे घरोघरी कोयता असतो आणि भांडणात तो हातात येतो. ‘कोयत्याने मारलं’ दिसलं की नवखे भाषांतरकार ‘स्लॅश्ड’ किंवा ‘हॅक्ड’ लिहून मोकळे होतात. पुढच्याच ओळीत ‘कोयत्याच्या उलट्या बाजूने’ असतं, आणि दाखल्यात कापल्याची जखम नसून मुका मार असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 118(1), म्हणजे जुन्या दंड संहितेचं 324, कापण्या-भोसकण्याच्या हत्यारांचा वेगळा विचार करतं. पात्याने वार आणि पाठीने फटका यांत कायद्याच्या दृष्टीने मोठं अंतर पडू शकतं. अशा वेळी ‘स्ट्रक हिम विथ द ब्लंट साइड ऑफ अ सिकल’ असं पूर्ण लिहा. काठीचा फटका अंगावर बहुतेक दोन समांतर लाल रेघा उठवतो, मध्ये फिकट पट्टा राहतो. आपण त्याला वळ म्हणतो. दाखल्यात त्या रेघा असतील आणि तुमच्या भाषांतरात ‘पंच्ड’ असेल, तर खोटं ठरतो तो फिर्यादी. तुम्हाला कोणी काही विचारत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका बाईच्या जबाबात होतं, ‘त्याने माझ्या कानाखाली मारली.’ मी लिहिलं, ‘ही हिट मी बिलो द इअर.’ व्याकरण बरोबर, शब्द न् शब्द बरोबर. डॉक्टरांच्या दाखल्यात मात्र डाव्या गालावर सूज आणि लाली नोंदवलेली होती. अपिलात समोरच्या बाजूने तेवढंच धरलं: बाई म्हणते कानाच्या खाली, डॉक्टर म्हणतात गालावर. शेवटी मूळ मराठी वाचून दाखवल्यावर तो मुद्दा मागे पडला, पण तोवर एका खऱ्या बोलणाऱ्या बाईवर शंका घेतली गेली होती आणि ती शंका माझ्या वाक्यामुळे आली होती. कानाखाली मारली, कानशिलात लगावली, कानफटात दिली, या सगळ्याचा अर्थ तोंडावर चापट मारली. ‘स्लॅप्ड मी ऑन द फेस’. त्या दिवसापासून मी प्रत्येक फटका दाखल्याशी ताडून पाहिल्याशिवाय पान पुढे पाठवत नाही. ‘डोक्यात दगड घातला’ हेही तसंच: दगड डोक्याच्या आत गेलेला नाही, ‘स्ट्रक हिम ऑन द हेड विथ अ स्टोन’. शरीराच्या भागाआधी इंग्रजी ‘ऑन माय हेड’पेक्षा ‘मी ऑन द हेड’ असं म्हणते हेही लक्षात ठेवा. आधी माणूस, मग अवयव. पोटाला आणि तोंडाला ‘इन’ही चालतं: ‘पंच्ड मी इन द स्टमक’.

ढकलण्याकडे येते. पुश हा सगळ्यांना कळणारा, सरळ शब्द. शव्हमध्ये जोर आणि उर्मटपणा दोन्ही आहेत. तुमच्या ‘लोटून दिले’ला मी शव्हच घेईन. ‘लोटून दिले’ यात माणूस पडला असं नाही, म्हणून ‘पुश्ड मी डाउन’ लिहू नका. ‘पाडले’ असतं तर ‘नॉक्ड मी डाउन’. रेटणं म्हणजे सतत लावलेला जोर, त्याला ‘प्रेस’ किंवा ‘पुश अगेन्स्ट’. नज म्हणजे कोपराने हलकेच ढोसून लक्ष वेधणं, पोक म्हणजे बोट किंवा टोक टोचणं, जॅब म्हणजे तेच झटक्यात आणि जोराने. जॉसल हा शब्द गर्दीचा. रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी जी खेटाखेटी होते ती जॉसलिंग, त्यात कोणी एक दोषी नसतो. पण गर्दीचा दाब इतका वाढला की माणसाला छाती फुगवून श्वास घेता येत नाही, त्याला क्रश म्हणतात. आणि घाबरून पळत सुटलेल्या लोंढ्याला स्टँपीड. मराठीत तिन्हींना आपण चेंगराचेंगरी म्हणून मोकळे होतो. 2003 च्या कुंभमेळ्यात नाशिकने ती पाहिली आहे, तेव्हा निदान लिहिताना तरी या तिघांत गल्लत करू नये असं मला मनापासून वाटतं.

‘धक्का’ जपून हाताळा. धक्का मारला, धक्का दिला यात करणारा आहे: ‘पुश्ड’. धक्का लागला यात हेतू नाही: ‘बम्प्ड इंटू’, अगदी हलका असेल तर ‘ब्रश्ड अगेन्स्ट’. ‘धक्काबुक्की केली’ एकतर्फी, ‘धक्काबुक्की झाली’ दोन्हीकडून. पहिल्याला ‘मॅनहँडल्ड’, दुसऱ्याला ‘देअर वॉज अ स्कफल’. फिर्यादीत ‘झाली’ असेल तर भाषांतरात कर्ता घुसवायचा अधिकार आपल्याला नाही.

आता स्पर्श. इथे मी सगळ्यांत हळू काम करते. टच म्हणजे हात लावला, बस. पॅट म्हणजे तळहाताने थोपटणं, टॅप म्हणजे बोटांनी टकटक, रब म्हणजे चोळणं किंवा घासणं. स्ट्रोक, केरेस आणि फॉन्डल यांत कुरवाळणं आहे. पहिल्या दोघांत मायाही असू शकते. फॉन्डलला न्यायालयीन इंग्रजीत लैंगिक अर्थ चिकटलेला आहे. ग्रोप तर उघड वाईट हेतूने चाचपणं. म्हणून एखादी मुलगी जबाबात ‘त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला’ म्हणते, तेव्हा मी ‘रॅन हिज हँड ओव्हर माय बॅक’ असंच लिहिते. ‘पॅटेड’ लिहिलं तर मी आरोपीला शाबासकी देणारा काका बनवलं. ‘ग्रोप्ड’ लिहिलं तर न्यायाधीशांचं काम मी केलं. ती जेवढं म्हणाली तेवढं आणि तसंच जायला हवं.

‘टच’ किती वजनदार आहे हे 2021 साली सगळ्या देशाने पाहिलं. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 7 मध्ये ‘टच’ आणि ‘फिजिकल कॉन्टॅक्ट’ असे शब्द आहेत. 12 वर्षांच्या मुलीची छाती कपड्यांवरून दाबल्याच्या प्रकरणात जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की त्वचेला त्वचा लागलेली नाही, म्हणून हे त्या कलमात बसत नाही. 18 नोव्हेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श कपड्यावरूनही स्पर्शच आहे, त्वचेची अट घातली तर कायद्याचा हेतूच मारला जातो, असा त्या निकालाचा आशय. मला त्यात भाषेची साधी समजही दिसते. शर्टावरून कोणी खांद्याला हात लावला तर आपण ‘त्याने शर्टाला हात लावला’ म्हणत नाही.

आणि नाशिकच्या माणसाला स्पर्शाचं वजन वेगळं सांगायला नको. मराठीत ‘शिवणे’ हे क्रियापद आहे. ‘शिवू नकोस’ या दोन शब्दांनी किती पिढ्यांना दाराबाहेर ठेवलं. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच शब्दाविरुद्ध. जुन्या कागदात ‘शिवला म्हणून मारले’ असं वाक्य आलं तर ‘टच्ड’ एवढ्याने भागत नाही. तिथे मी विटाळाचा संदर्भ तळटीपेत देते.

असॉल्टबद्दल एकच गोष्ट, पण ती पाठ करा. वर्तमानपत्री इंग्रजीत असॉल्ट म्हणजे मारहाण. आपल्या कायद्यात तसं नाही. 1860 च्या दंड संहितेच्या कलम 351 मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 130 मध्ये, अंगाला हात न लावताही असॉल्ट होतो. आता हा मारणार अशी धास्ती वाटेल असा आविर्भाव पुरतो. मराठी संहितेत त्याला हमला म्हटलं आहे, आणि प्रत्यक्ष जोर लावला की फौजदारीपात्र बलप्रयोग. म्हणजे ‘हात उगारला’ हा कायद्याने असॉल्ट आहे: ‘रेज्ड हिज हँड टू हिट मी’. आणि ‘बायकोवर हात उचलला’ याचा मराठीत अर्थ तिला मारलंच, त्याचं ‘रेज्ड हिज हँड’ करून चालणार नाही. उगारणं आणि उचलणं, एवढाच फरक. ‘मारहाण केली’ला ‘असॉल्टेड’ लिहिण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडा, ‘बीट’ लिहा, कलम कोणतं लावायचं ते न्यायालय बघेल. ‘पदर ओढला’ला मात्र अंगाला हात लागला नाही म्हणून हलकं समजू नका. अंगावरच्या वस्तूला केलेला स्पर्शही बलप्रयोगाच्या व्याख्येत येतो, आणि स्त्रीचा बुरखा वर ओढणं हे दंड संहितेतलंच उदाहरण आहे.

एवढी काटेकोर का वागते असं कोणी विचारलं तर मी 1974 चा एक प्रयोग सांगते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग किती होता ते विचारलं. प्रश्नातलं क्रियापद मात्र बदलत गेले. ‘स्मॅश’ ऐकणाऱ्यांनी वेग ताशी सरासरी 40 मैलांच्या आसपास सांगितला, ‘हिट’ ऐकणाऱ्यांनी 34, आणि नुसतं ‘कॉन्टॅक्ट’ ऐकणाऱ्यांनी जेमतेम 32. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? ‘स्मॅश’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, ‘हिट’ ऐकलेल्या 50 पैकी 7. फितीत काच फुटलेलीच नव्हती. नाशिकच्या द्वारका चौकातल्या अपघाताचा जबाब माझ्यासमोर येतो तेव्हा हे आकडे माझ्या डोक्यात असतात. ‘धडक झाली’ला ‘कोलाइडेड’, ‘ट्रकने धडक दिली’ला ‘द ट्रक हिट’, ‘घासून गेला’ला ‘ग्रेझ्ड’, ‘उडवलं’ला ‘नॉक्ड डाउन’, ‘अंगावरून गेली’ला ‘रॅन ओव्हर’. ‘रॅम्ड’ आणि ‘स्मॅश्ड’ मी साक्षीदाराच्या तोंडी त्या तोडीचा शब्द असल्याशिवाय कधीच वापरत नाही. आपल्याकडच्या निकालांत ‘धडक दिली’ला ‘गेव्ह डॅश’ सर्रास दिसतं, ते इथेच चालतं, बाहेरच्या वाचकाला कळत नाही.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: ‘द अक्यूज्ड व्हर्बली अब्यूज्ड मी, स्लॅप्ड, पंच्ड अँड किक्ड मी रिपीटेडली, शव्ह्ड मी अँड थ्रू अ स्टोन अ‍ॅट मी.’ ‘रिपीटेडली’ घातलं कारण मूळात ‘मारहाण’ आहे, आणि ‘व्हर्बली’ यासाठी की नुसत्या अब्यूजचा अर्थ शरीरावरच्या अत्याचारापर्यंत ताणता येतो.

शेवटचा तुकडा, ‘पत्नीच्या अंगावर हात टाकला’, मी कागदावरून सोडवू शकत नाही. त्याचा अर्थ तिला मारलं असाही होतो आणि विनयभंग असाही, आणि दोन्हींची कलमं वेगळी आहेत. त्या बाईंचा स्वतंत्र जबाब प्रकरणात असेलच. तो काढा आणि त्यात त्यांनी काय म्हटलंय ते बघा: केस धरले, ढकललं, छातीला हात लावला, काय ते. फिर्यादीच्या भाषांतरात मात्र ‘लेड हँड्स ऑन माय वाइफ’ एवढंच ठेवा, शेजारी कंसात मूळ मराठी शब्द तसेच उतरवा, आणि बाईंच्या जबाबातला शब्द इकडे आणू नका.